माइक अल्फा नोव्हेंबर

३ जानेवारी

भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तुम्ही ते फोडलंत, तेव्हा नमस्कार पोहोचला असं धरते. आईंची तब्येत बरी आहे. नजर आणखी अधू झाली, पण कान असे तल्लख की शेजारच्या घरात भांडं पडलं तर ते पितळेचं की स्टीलचं हे त्या इथे बसून सांगतात. माझे शिवणाचे वर्ग चालू आहेत. मुली येतात, निम्मं शिवतात, निम्मं उसवतात. चाललंय.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. मी एक पेटी बनवायला घेतली आहे. हातात धरून नेता येईल अशी, आत बिनतारी सेट, बॅटरी, स्पीकर, बाजूला घडीची अँटेना. वीज गेली, फोनचे टॉवर आडवे झाले, तरी ती दवाखान्याच्या गच्चीवर नेऊन ठेवायची आणि बोलायला लागायचं. तुम्ही आणि ह्यांनी असलं काही करायचं वर्षानुवर्षं ठरवलं होतं. ठरवण्यात तुम्हा दोघा भावांचा हात कुणी धरला नसता.

गेल्या वर्षीच्या वादळात आमच्या बाजूला काय झालं ते तुमच्या कानावर आलंच असेल. दवाखान्यात एक बाई अडली होती. डॉक्टरीणबाईंना तुमच्या किनाऱ्यावरच्या मोठ्या इस्पितळातून बोट हवी होती. पूल पाण्याखाली, फोन मुके. ह्यांचा मोठा सेट इथे घरात आहे, पण तो भिंतीतल्या विजेवर चालणारा. वीज नाही म्हटल्यावर तो आणि फडताळाची फळी, दोन्ही सारखीच. शेवटी होडीवाला जिवावर उदार होऊन खाडी ओलांडून तुमच्याकडे आला आणि बोट घेऊन परतला. बाई वाचली. बाळ गेलं. पुढे आठवडाभर डॉक्टरीणबाई संध्याकाळी माझ्या वर्गात येऊन बसायच्या. त्यांना शिवायचं काहीच नव्हतं.

तर मार्चच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहाला, पेटीची चाचणी आहे. तालुक्याच्या आपत्ती मदत केंद्रातले साहेब स्वतः येणार आहेत. त्यांचं म्हणणं सरळ आहे: पलीकडून कुणी उत्तर दिलं तर पेटी दवाखान्यात राहील आणि केंद्राच्या व्यवस्थेत धरली जाईल. उत्तर नाही आलं तर ती माझी हौस. पलीकडे बिनतारीचा परवाना असलेला माणूस एकच आहे आणि तो माझ्याशी बोलत नाही.

बघा काय ते.

वहिनी


१९ जानेवारी

भाऊजी,

उत्तर आलं नाही. तुम्ही मिठाची गुळणी धरून बसणार हे मला ठाऊक होतं, त्यामुळे वाईट वाटून घेतलं नाही. थोडंसं घेतलं.

पेटीचं सांगते, ते तरी वाचाल. बाहेरचा डबा अवजारं ठेवायचा, जाड प्लॅस्टिकचा, झाकणाला रबराची कड. बॅटरी लिथियमची, खाली मधोमध बसवली म्हणजे उचलताना एका अंगाला कलत नाही. पहिल्या दिवशी एक गंमत झाली. ऐकायचं तेव्हा सगळं छान, आणि बोलायला बटण दाबलं की सेटचा दिवा मंदावून सेट बंद. मी बॅटरीला नावं ठेवली, दुकानदाराला ठेवली, शेवटी लक्षात आलं की वायर मी घेतली बारीक आणि लांब. ऐकायला सेट घोटभर वीज पितो आणि बोलायला तांब्याभर, हे ह्यांचंच वाक्य, आणि नेमकं तेच विसरले. आता जाड वायर घेतली आहे, आखूड. तरी दोन्ही टोकांना बोटभर माया ठेवली आहे. शिवणात काय आणि वायरीत काय, माया ठेवली नाही तर पुढे दुरुस्तीला जागाच उरत नाही. फ्यूज बॅटरीला अगदी लगटून बसवला, तुम्ही सांगायचात तसा.

डॉक्टरीणबाई वायरी बघायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, कॉलसाइन म्हणजे काय. मी म्हटलं, सरकारनं दिलेलं हवेतलं नाव. सबंध जगात तसं दुसरं नसतं. आमच्या घरात अशी दोन नावं होती. दोघं भाऊ एकाच दिवशी परीक्षेला बसले, म्हणून त्यांना लागोपाठची अक्षरं मिळाली. थोरले एम-ए-एन, हवेत म्हणायचं तर माइक अल्फा नोव्हेंबर, आणि धाकटे एम-ए-ओ, माइक अल्फा ऑस्कर. आईंना कितीतरी वर्षं वाटायचं की तुम्ही दोघं मिळून नोव्हेंबरात कुठेतरी जायचं ठरवताय आणि त्यांना सांगत नाही. डॉक्टरीणबाई खूप हसल्या. मग म्हणाल्या, थोरले गेले, मग आता ते नाव कुणाचं?

मी म्हटलं, माझं.

आणि मग तुमचं सांगणं भाग पडलं. ह्यांच्यामागे मी परीक्षा दिली, पास झाले, आणि नवीन नाव घ्यायचं सोडून ह्यांचंच मागून घेतलं. पहिल्याच संध्याकाळी मी हवेत बोलले ते तुम्ही ऐकलंत आणि दुसऱ्या दिवशी होडीनं इथे आलात. पाणीही घेतलं नाहीत. दारातच उभं राहून म्हणालात, "वहिनी, दादाचा सदरा अंगात घालून गावभर फिरावं, तसं केलंत तुम्ही." तुम्ही गेलात, सेट गुंडाळून माळ्यावर टाकलात म्हणे, आणि तिथून आपल्यातलं सगळं बंद.

हे सांगताना मला रडू आलं नाही याचं डॉक्टरीणबाईंना नवल वाटलं. मला रागच येतो, भाऊजी. अजून येतो. सदरा शिवणारी मी. कुणाचा सदरा कुणाला होतो ते मला कळतं.

वहिनी


५ फेब्रुवारी

भाऊजी,

होडीवाल्याच्या हाती तुम्ही आईंना औषधं पाठवलीत. चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. आईंनी पिशवी दोनदा उलटी करून पाहिली. तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

पेटी झाली. म्हणजे इतकी झाली की बघणाऱ्याला संपली असंच वाटेल. खांद्याला पट्टा लावला, गोधडीचे जाड थर घालून, म्हणजे गच्चीचा जिना चढताना खांदा काचत नाही. आणि सगळ्यात सुंदर काय असेल तर मायक्रोफोनचा खिसा. झाकणाच्या आतल्या बाजूला शिवला आहे. तोंडाकडची जाळी उघडी, बाकी अंगासरशी बसणारा, वर इलॅस्टिक. पेटी डोक्यावरून आपटली तरी मायक्रोफोन बाहेर यायचा नाही. माझ्या मुलींना वर्गात नेऊन दाखवला. म्हटलं, माप घेणं याला म्हणतात.

केंद्रातल्या साहेबांचा निरोप आला की पलीकडच्या माणसाचं नाव आणि कॉलसाइन आधी कळवा. मी तुमचं कळवलं. विचारलं नाही, कारण विचारून तुम्ही उत्तर देणार नव्हतात.

आणि एक सांगते, कारण तुमच्या मनात ते येणारच. माझं कॉलसाइन बदलून घ्या, मग मी बोलतो, असं जर तुम्ही धरून बसला असाल, तर ते व्हायचं नाही. त्याची कारणं आहेत. ती माझ्याजवळ राहू द्या. तुम्हाला उत्तर द्यायचं तर नियमाप्रमाणे आधी माझं नाव घ्यावं लागणार, मग तुमचं. त्याला माझा इलाज नाही. त्या बाळाला कुणाच्या नावाशी काय घेणं होतं?

रागावून लिहिलं आहे. खोडत नाही.

वहिनी


११ फेब्रुवारी

भाऊजी,

आज निव्वळ तांत्रिक शंका आहे. घरचं काही नाही.

काल दुपारी पेटीची बॅटरी किती टिकते ते पाहायचं ठरवलं. नुसतं ऐकायला सेट लावून ठेवला, आपली नेहमीचीच फ्रीक्वेन्सी, एका सेटवरून दुसऱ्या सेटवर थेट बोलायची. अँटेना खिडकीतून बाहेर खाडीकडे. झाकण उघडं, मायक्रोफोन त्याच्या खिशात. धूळ बसू नये म्हणून वरून मलमलीचं कापड टाकलं. हिशेबानं दुसऱ्या दिवसापर्यंत टिकायला हवी होती. मी आणि आई तिथेच भाजी निवडत बसलो होतो. दुपारची वेळ, हवेत कुणी नाही, म्हणून सेट गप्प आहे याचं काही वाटलं नाही. संध्याकाळी कापड काढते तर सेट बंद, बॅटरी पार रिकामी, आणि सेटची पाठ इतकी गरम की हात लावता येईना.

सकाळपासून सगळे जोड तपासले. कुठे वीज झिरपत नाही. फ्यूज शाबूत. बॅटरी पुन्हा भरली, मीटर लावून पाहिला, सगळं ठीक. सुईच्या टोकाएवढीही चूक सापडत नाही. मी हात टेकले. चाचणीत असं झालं तर साहेब पेटीसकट मला कपाटात ठेवतील.

तुम्हाला काय वाटतं? एका ओळीचं कार्ड चालेल. ओळही नको, नुसता शब्द लिहा.

वहिनी


१९ फेब्रुवारी

भाऊजी,

कार्ड मिळालं.

माझ्या शंकेला उत्तर म्हणून तुम्ही ते पाठवलंय असं आधी वाटलं. मग तारीख पाहिली. माझं पत्र टपालात पडायच्या आधीच तुम्ही ते लिहिलेलं आहे. आपल्या सेटवाल्यांचा जुना रिवाज: ज्याचं स्टेशन ऐकू आलं त्याला ऐकल्याचं कार्ड पाठवायचं. तारीख, दहा तारखेची दुपार. फ्रीक्वेन्सी बरोबर. सिग्नल पूर्ण, स्वच्छ. आणि शेऱ्यात: "बोलायचं बटण दाबलेलं राहिलं आहे. तपासावे."

भाऊजी, मी हातातलं शिवण टाकलं. मग उठून खिसा पाहिला. अंगासरशी, मापाचा, कुठे म्हणून सैल नाही. मायक्रोफोन आत सारला की इलॅस्टिक बरोबर बटणावर येऊन बसतं आणि ते दाबून धरतं. बोलताना लागणारा लाल दिवा लागलेला, तो मलमलीखाली. साऱ्या जन्मात मुलींना एकच गोष्ट शिकवली की माया ठेवा, आणि स्वतः शिवताना हौसेपोटी ती ठेवली नाही. खिसा उसवला. आता मायक्रोफोन साध्या हुकाला टांगला आहे.

माळ्यावर टाकलेल्या सेटला बरंच ऐकू येतं म्हणायचं. हे टोमण्यानं लिहीत नाही. थोडं टोमण्यानंही आहे. पण खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

आता राहिलं ते बोलणं. त्या दुपारी आम्ही दोघी काय बोललो ते आठवून मला घाम फुटला. तुम्ही पहिल्यापासून ऐकलंत की मधूनच, मला ठाऊक नाही. अर्धवट ऐकलेलं वाईट, म्हणून सगळं लिहिते. आईंची शपथ होती, पण शपथ आता खाडीपलीकडे पोहोचली आहे.

औषधांच्या पिशवीवरून विषय निघाला. आई म्हणाल्या, "त्याला सांगून टाक ना, नाव मीच घ्यायला लावलं म्हणून."

मी म्हटलं, सांगू नकोस म्हणून शपथ तुम्हीच घातलीत.

त्यावर त्या मुगाच्या शेंगा सोलल्यासारखं एकेक सांगायला लागल्या. हे गेले तेव्हा कुणीतरी त्यांना सांगितलं की माणूस गेला की काही वर्षांनी त्याचं कॉलसाइन सरकार दुसऱ्या कुणाला देतं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. त्यांना दिसत नाही, तुम्हाला माहीत आहे. फोटो त्यांच्या काही कामाचा नाही. संध्याकाळी सेटवर ते नाव घेतलं जायचं, तेवढाच त्यांचा मुलगा. "परका कुणी ते नाव घेऊन माझ्या घरात बोलला असता," त्या म्हणाल्या, "तर मी कुठे तोंड लपवलं असतं?" म्हणून त्यांनी मला परीक्षेला बसवलं. मी रात्री पुस्तक वाचायचे आणि त्या जागून मला प्रश्न विचारायच्या, प्रश्न त्यांना एकही कळत नसताना.

मी विचारलं, मग धाकट्यांना तेव्हाच का नाही सांगितलंत? त्यांचं उत्तर मला त्या दिवशीपर्यंत माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "माझ्यावर रुसला असता तर घरी आला नसता. तुझ्यावर रुसला तर निदान मला भेटायला येईल असं वाटलं."

आणि मग थोड्या वेळानं, "आता दोघींकडेही येत नाही."

यानंतर आम्ही दोघी नुसती भाजी मोडत होतो. तो आवाजही तुम्ही ऐकला असणार.

मी त्यांना कार्ड वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, तो काय म्हणाला? मी म्हटलं, बटण तपासा म्हणाला. त्या म्हणाल्या, म्हणजे शेवटपर्यंत ऐकलं त्यानं. मग उशीला टेकून पडून राहिल्या, चेहरा भिंतीकडे करून.

आणखी एकच. ज्या स्टेशनला ऐकलं त्याचं कॉलसाइन लिहायचा रकाना तुम्ही मोकळा सोडलाय. नियमानं ते बरोबरच आहे, कारण मी ते सांगितलंच नव्हतं. पण आवाज तर तुम्ही ओळखलात, पत्ता तर लिहिलात. रकाना तेवढा मोकळा.

रविवारी दहाला मी हाक देणार आहे. तुम्हाला यापुढे काही समजावणार नाही. जे सांगायचं नव्हतं ते सगळं सांगून झालं.

वहिनी


मार्चचा पहिला रविवार, संध्याकाळ

भाऊजी,

तुम्ही तिथे होतातच, तेव्हा काय झालं ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. पण तुमच्याकडे फक्त आवाज येत होता. इकडे काय चाललं होतं ते लिहिते.

आई हटून बसल्या की मीही येणार. डॉक्टरीणबाई आणि होडीवाल्यानं त्यांना खुर्चीसकट गच्चीवर चढवलं. पेटी कठड्यावर ठेवली, अँटेना उभी केली. वारा बराच होता. साहेब सज्जन माणूस, पण ज्या पद्धतीनं त्यांनी घड्याळ काढून हातात धरलं, ते मला आवडलं नाही.

दहाला बटण दाबलं. दिवा मंदावला नाही. म्हटलं, "माइक अल्फा ऑस्कर, माइक अल्फा ऑस्कर, हे माइक अल्फा नोव्हेंबर." बटण सोडलं. नुसती खरखर.

दुसऱ्यांदा हाक दिली. खरखर. साहेबांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई खाडीकडे पाहत होत्या. साहेब हळूच म्हणाले, अंतर जास्त पडत असेल. मी म्हटलं, अंतर पडत नाही, माझ्याकडे कार्ड आहे. त्यांना त्यातलं काही कळलं नाही.

तिसऱ्यांदा हाक देताना माझा आवाज जरा हलला. तुम्हाला तो जाणवला असेल तर जाणवू दे.

मग खरखर थांबली. म्हणजे तुम्ही बटण दाबलं होतंत. तुमच्याकडचा वारा ऐकू येत होता, मागे कुणाचं तरी इंजिन चालू होतं, तुमचा श्वासही येत होता, आणि शब्द नव्हता. साहेब काही विचारायला लागले, मी हातानं गप्प केलं. तुम्ही "माइक" म्हणालात. मग "अल्फा". मग पुन्हा नुसतं इंजिन. भाऊजी, मला तेव्हा तुमचा राग आला नाही. मनात म्हटलं, नाही जमत तर राहू द्या, इथवर आलात तेच खूप झालं.

आणि मग तुम्ही "नोव्हेंबर" म्हणालात. "माइक अल्फा नोव्हेंबर, हे माइक अल्फा ऑस्कर. वहिनी, निरोप सांगा."

हवेत वहिनी म्हणायची रीत नाही. साहेबांनी ते लिहून घेतलं नाही, बरं झालं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी निरोप वाचला, एक बोट, एक रुग्ण, रक्ताचा गट. तुम्ही तो अक्षरन् अक्षर परत म्हणून दाखवलात, आणि इस्पितळातून पोच आणून दिलीत. साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं आणि पेटी दवाखान्यात कुठे ठेवायची ते डॉक्टरीणबाईंना विचारायला लागले. डॉक्टरीणबाईंनी आधी माझा हात धरला, मग त्यांना उत्तर दिलं. कपाटात नाही, प्रसूतीच्या खोलीबाहेर, उघड्या फळीवर.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाही. तुम्ही "नोव्हेंबर" म्हणालात आणि मी निरोप वाचायला सुरुवात केली, त्या दोहोंच्या मध्ये एक क्षण गेला. तेव्हा खुर्चीतून आईंनी माझा पदर ओढला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ह्यांच्यामागे पाहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, "ऐकलंस? धाकट्यानं दादाला हाक मारली."

मी म्हटलं, ऐकलं.

हे तुमच्यापर्यंत पोहोचलं नसणार, म्हणून कळवते.

वहिनी